पायाला बर्फ लावला ती रात्र

माझं माहेर-सासर दोन्ही चंद्रपूर जिल्ह्यातलं. ह्यांना शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून आम्ही कोल्हापूरला आलो. मुलाला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा जन्मजात आजार; त्यातही एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. हे गावाकडेच कळलं होतं. तिकडे आशाताईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना 'सिकल' ठाऊक. इथं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं.

इथल्या पोरांसारखंच त्यालाही फुटबॉलचं वेड. सातवीत असताना जुलैच्या पावसात भिजत खेळला आणि रात्री मांडी धरून ओरडायला लागला. मुका मार लागला असेल म्हणून शेजारच्या काकूंनी बर्फ आणून दिला. त्यांच्या घरात सगळे तालमीतले, सुजेवर पहिला उपाय तोच. मीही लावला. दहा मिनिटांत त्याचा आवाजच बदलला. गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी त्यात आणखी अडकतात. हे मला माहीत होतं, पण त्या घाईत सुचलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

आता ठणका सुरू झाला की आधी विचारते, कुठं आणि दहापैकी किती. वहीत वेळ घालून लिहिते. डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेली गोळी लगेच देते. दुखणं वाढेपर्यंत थांबलं की मग ते आवरत नाही. पुढची गोळी घड्याळ बघूनच. मेडिकलमधून आपल्या मनानं दुसरी आणत नाही, कारण या आजारात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून शेक. कोमट पाणी, पेज, ताक, जे जाईल ते थोडं थोडं. मग मोबाईलवर मॅच लावून देते.

हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल मात्र दुखो न दुखो, रोज. ती ठणक्यावरची गोळी नव्हे, ठणके कमी वेळा यावेत म्हणून असते. गुण यायला महिने लागले, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. पण पूर्वी दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी ॲडमिट व्हायचा, तो आता क्वचित होतो.

घरी काय निभवायचं नाही, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, धाप, एका अंगाला कमजोरी, बोलताना अडखळणं, डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगणं. गेल्या थंडीत ठणका दहापैकी चारच होता, पण ताप होता आणि श्वास घेताना छातीत कळ येत होती. रात्री अकराला रिक्षा करून निघालो. तिथं एक डॉक्टर म्हणाले, "मोबाईल बघत शांत बसलाय की, कुठं एवढं दुखतंय?" मी वही पुढं केली. एक्स-रे निघाला, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. ही लेकरं लहानपणापासून सोसायला शिकतात. ती रडत नाहीत म्हणून दुखत नाही, असं कुणी धरू नये. हे मी आता सगळीकडं ठणकावून सांगते.

खेळणं बंद केलेलं नाही. सरांना सगळं सांगितलंय. पिशवीत पाण्याची बाटली आणि कोरडा शर्ट असतो, थकला की तो स्वतःच बाहेर येतो. वहीही आता तोच लिहितो. परवाची ओळ होती: 'डावा गुडघा, ३. गोळी ९ ला. आईला उठवलं नाही.'

त्यावर मी सकाळी त्याला खूप रागावले.