तुम्ही विचारलंत म्हणून : हिरवं कबूतर खरंच असतं का?

नागपुरात थंडी पडली की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. निष्पर्ण झाडाचा शेंडा, त्यावर चार-पाच पिवळसर ठिपके, आणि खाली प्रश्न : ‘काकू, हे पोपट आहेत की कबुतरं? कबूतर असं हिरवं असतं का?’ त्यापाठोपाठ दुसरा : ‘आमच्या गॅलरीत दाणे ठेवले तर येतील का?’ घाईत एका ओळीचं उत्तर देते आणि सांगण्यासारखं सगळं राहूनच जातं. म्हणून आज निवांत सांगते.

असतं. ते कबूतरच आहे. नाव हरियाल; कुणी हरियल म्हणतं, कुणी हरोळी. शेकरू जसा आपला राज्यप्राणी, तसा हा आपला राज्यपक्षी. तो पाहायला ताडोबाच गाठावं लागतं असंही नाही. सेमिनरी हिल्सला सकाळी फिरणाऱ्या कितीतरी लोकांच्या डोक्यावर तो बसलेला असतो आणि कुणी मान वर करत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

ओळखायचा असेल तर आधी पाय बघा. आपल्या इमारतींवरच्या पारव्याचे पाय लालसर. हरियालाचे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. डोकं राखाडी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट डाग, पंखांच्या गडद पिसांना पिवळी किनार. आकार पारव्याएवढाच, साधारण 33 सेंटिमीटर. पोपट म्हणाल, तर त्याची शेपटी लांब, निमुळती आणि चोच आकडीसारखी वळलेली. शिवाय पोपट उडताना ओरडत जातो. हरियाल काही न बोलता, फक्त पंखांचा फडफडाट करत, सरळ रेषेत वेगाने निघून जातो.

सह्याद्रीतल्या दाट रानात याचाच एक भाऊबंद आहे. त्यातल्या नराची पाठ तपकिरी-लाल असते आणि पाय लाल, त्यामुळे घोटाळा होऊ नये. कोकणातून फोटो पाठवणाऱ्यांनी एवढं तपासावं. चोच लालभडक, पंख पाचूसारखे आणि पक्षी जमिनीवर दाणे टिपत फिरतोय, असं असेल तर तो पाचू कवडा.

आवाज मात्र एकदा ऐकला की विसरत नाही. कबूतर म्हटलं की आपल्या कानात घुटर्रघूं असतं. हरियाल शीळ घालतो, मऊ, चढत-उतरत जाणारी. पानांच्या आत बसून कुणी जुनी चाल आठवायचा प्रयत्न करावा, तशी.

पण खरी खूण सांगायची तर ती पक्ष्यात नाही, झाडात आहे. पहिल्यांदा हरियाल शोधायला गेले तेव्हा एका जुन्या वडाखाली पाव तास उभी होते. वर लालचुटूक फळं लगडलेली, पक्षी मात्र एकही दिसेना. ऐकू येत होतं ते फक्त फळं पडण्याचं टपटप. वारा नव्हता, मग फळं पाडतंय कोण? नजर एका फांदीवर रोवून ठेवली, तेव्हा एक पान हललं आणि त्याला पिवळे पाय फुटले. मग दुसरं, तिसरं. एक जण चक्क उलटा लोंबकळून फळ तोडत होता. इतक्यात रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला आणि अख्ख्या झाडातून टाळ्यांसारखा आवाज करत चाळीस-पन्नास पक्षी उठले. इतका वेळ ते सगळे माझ्या डोक्यावरच होते.

वड, पिंपळ, उंबर, पायर ही त्याची घरची माणसं. जांभूळ-बोरंही खातो, पण जीव या चौघांवर. याला कारण आहे. या झाडांच्या फुलांचं परागीभवन एवढ्याशा गांधीलमाश्या करतात. प्रत्येक जातीची माशी बहुधा वेगळी आणि तिचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. सगळे वड एकदमच फळले असते तर बाकीच्या महिन्यांत माश्यांना थारा मिळाला नसता. म्हणून शिवारातली झाडं पाळीपाळीने फळतात, आणि बाकी रान कोरडं पडतं त्या दिवसांतही हरियालाला कुठेतरी जेवण मिळतं. पुष्कळजण लिहितात की तो बिया पसरवून जंगल लावतो. फळ खाणाऱ्या इतर पक्ष्यांबद्दल हे बरोबर आहे; पण हरियालाची पेषणी, म्हणजे पोटातली दळणारी पिशवी, बळकट असते, ती बऱ्याच बिया दळून टाकते. त्याचं महत्त्व पटवायला नसलेलं श्रेय द्यायची गरज नाही.

आता गॅलरीचं. नाही, येणार नाही. पारवा मूळचा कड्याकपारींतला, दाणे खाणारा. आपल्या सज्जांत त्याला कडा सापडला आणि ज्वारीत जेवण. हरियाल फांदीवरचा, फळांवर जगणारा. तो जमिनीवर पायच ठेवत नाही, उतरलाच तर पायात काडी धरून उतरतो, अशी जुनी समजूत आहे. उन्हाळ्यात पाण्यावर त्याला मी उतरताना पाहिलंय, काडीबिडी काही नव्हती. पण ही समजूत ज्यांनी रचली त्यांनी त्याला नीट पाहिलं होतं, एवढं नक्की. घरटंही झाडावरच : चार काटक्यांचं, इतकं विरळ की खालून दोन पांढरी अंडी दिसावीत.

तो वड आता नाही. रस्ता रुंद झाला, बदल्यात दुभाजकात कण्हेर आली. झाडं लावली हे खरंच, पण हरियालाने खावं असं त्यातलं एकही नाही. त्या हिवाळ्यात थवा दोन-तीन सकाळी त्या मोकळ्या जागेवरून घिरटी घालून गेला, मग यायचा थांबला. आता ते मला पलीकडच्या देवळामागच्या पिंपळावर दिसतात. उन्हं वर यायच्या आत, सातच्या सुमाराला शेंड्यावर ऊन खात बसतात, तेव्हा जा.

आणि यापुढे मला पक्ष्याचा फोटो पाठवाल, तेव्हा झाडाचाही एक पाठवा. पानं आणि फळं दिसतील असा.