बाप्तिस्मा कुणाच्या नावाने?

वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात मी वकिली करतो, देवळं, शाळा, चर्च सगळ्यांचे ट्रस्ट तिथे येतात. कमिटी बदलली की 90 दिवसांत ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, टाकायचा, साधं काम आहे, पण एकाच चर्चमध्ये दोन निवडणुका झाल्या की दोन चेंज रिपोर्ट येतात, दोघं एकमेकांवर हरकत घेतात आणि मग नुसत्या तारखा.

मी स्वतः ख्रिस्ती, त्यामुळे चर्चची केस असली की जरा जास्तच मनाला लागतं. परळच्या बाजूची एक छोटी मराठी मंडळी, म्हणजे चर्च, आहे, भांडण कसलं तर जुने पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) बरे की नवीन. श्रद्धेच्या एकाही गोष्टीवर मतभेद नाही. तिथून मग हिशोब, पोलीस कंप्लेंट आणि शेवटी चर्चच्या ऑफिसला दोन्ही गटांनी आपापलं कुलूप ठोकलं. माझे अशील आणि समोरचे सेक्रेटरी मावसभाऊ, पण त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एका बाकावर बसायलाही तयार नव्हते.

तेवढ्यात एक आजी आल्या, कुठल्याच गटाच्या नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत नातवाचा कॉलेजचा फॉर्म. अल्पसंख्याक कोट्यातून ॲडमिशनसाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागितलेला आणि रजिस्टर त्या दोन कुलपांच्या आत. म्हणाल्या, "वकीलसाहेब, यांच्याकडे गेले तर म्हणतात आधी आमच्या यादीवर सही करा, त्यांच्याकडे गेले तर तेच. लेकराच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा कुठे होते हो तुमचे गट?"

मला तिथल्या तिथे बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र आठवलं, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. तिथेही हेच, कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी अपुल्लोसचा, कुणी केफाचा म्हणजे पेत्राचा, आणि पौल आपल्या नावाचा गट आहे म्हणून सुखावत नाही, उलट चिडून विचारतो की ख्रिस्ताचे तुकडे झालेत का, पौलाच्या नावाने तुमचा बाप्तिस्मा झाला का? क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे सोडले तर मी कुणाचा केला नाही हे बरंच झालं म्हणतो. सहाव्या अध्यायात तर भावाभावांनी कोर्टात जाणं हीच तुमची हार आहे असं सरळ सांगतो. मी मोबाईलवर बायबल काढलं आणि दोघांना बसवून हे मोठ्याने वाचून दाखवलं. समोरच्या वकील मॅडम हिंदू, त्यांनी अडवलं नाही, त्याच म्हणाल्या की रजिस्टरपुरतं लेखी करून घेऊ.

माझे अशील म्हणाले, "पण साहेब, तत्त्वाचा प्रश्न आहे." याचा मला खरंच राग येतो. 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा चर्च एकत्र आली, त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्टही होते, म्हणजे एक तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करणारे आणि दुसरे म्हणणार की कळत्या वयात स्वतः कबुली दिल्याशिवाय नाही. शेकडो वर्षांचा वाद हा! तरी दोन्ही पद्धती ठेवून ते एक झाले. मी त्यांना तोंडावर विचारलं, यापेक्षा मोठं कुठलं तत्त्व आहे तुमच्याकडे?

मग साध्या कागदावर लिहिलं, दोन्ही बाजू मिळून खोली उघडतील आणि दाखल्यासाठी कुणाकडेही गटाची सही मागणार नाहीत. दोघांनी सह्या केल्या, आणि विचार बदलायच्या आत मी सगळ्यांना टॅक्सीत घातलं.

कपाटातलं रजिस्टर कडेने वाळवीने खाल्लेलं. नातवाची नोंद सापडली आणि त्याच पानावर, त्याच रविवारच्या तारखेला, माझ्या अशिलाची मुलगी आणि सेक्रेटरींचा मुलगा, एकाच पाळकाच्या अक्षरात. ते पान दोघंही वाचत राहिले. दाखल्यावर सही कुणाची यावर परत अर्धा तास गेला, शेवटी जुन्या पाळकसाहेबांनी सही केली आणि शिक्का नव्यांनी मारला. आजी लगेच कॉलेजला निघाल्या.

केस चालू आहे. उपासना अजून वेगवेगळी होते, एक गट सकाळी 8 ला, दुसरा 10 ला. निदान प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, तरी एकत्र घ्या म्हणून मी दोघांच्या मागे लागलोय, सेक्रेटरी तयार झालेत, माझ्या अशिलांना अजून समजावतोय.