आमची वाटचाल : अडुळशाचं पान ते अर्क

अडुळसा शेताच्या कुंपणाला लावतात, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा अर्क काढायला आम्ही हेच पान धरलं. मिळायला सोपं, आणि खोकल्याच्या औषधवाल्यांची मागणी बारमाही. पानातलं मुख्य द्रव्य व्हॅसिसीन. ब्रोमहेक्सिन हे औषध त्याच्यावरूनच पुढे आलं.

सुरुवात सॉक्स्लेटवर, म्हणजे उकळता द्राव पानांवर पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणावर. १८७९ सालचं हे उपकरण मुळात दुधातली चरबी मोजायला केलेलं. एका घाण्याला सहा-आठ तास, तोवर हीटर चालू आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला सतत गार पाणी. उन्हाळ्यात तर टाकीच आटायची. म्हणून मायक्रोवेव्हकडे वळलो. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींनी पेशीतलं पाणी आतूनच तापतं, दाबाने पेशी फुटते आणि द्रव्य अल्कोहोल-पाण्यात उतरतं. तासांचं काम मिनिटांवर आलं. सावलीत वाळवलेली भरड मात्र आधी भिजवावी लागते. कोरड्या भरडीत तापायला पाणीच नसतं.

खरी कसरत पुढे होती. फ्लास्कमध्ये जमलं ते पिंपात जमेना. लहरी द्रावणात जेमतेम इंच-दीड इंच शिरतात. कडेचं उकळतं, मधलं कोमटच. शेवटी मोठ्या भांड्याचा नाद सोडला आणि टेफ्लॉनच्या नळीतून लगदा पंपाने फिरवायला लागलो. टेफ्लॉनमधून लहरी आरपार जातात. नळी चोंदते ती देठांमुळे, त्यामुळे यंत्र कितीही भारी असलं तरी दिवसाचा माल ठरतो पान निवडणाऱ्या बायकांच्या हातावर. अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि फ्लेमप्रूफ (ठिणगीने आग लागू न देणारं) वायरिंग लागतं, तो खर्च यंत्राच्या जोडीने धरायचा. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग कुणी करू नका, स्फोट होईल.

"अर्कात किरणं राहतात का हो?" हा प्रश्न नव्या गिऱ्हाइकाकडून हमखास येतो. लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन बंद झाला की लहरी संपल्या. आम्ही त्यांना टीएलसीची, म्हणजे अर्कातली द्रव्यं वेगळी करून दाखवणारी पट्टीच दाखवतो : ड्रॅगेनडॉर्फ हे रसायन फवारलं की अल्कलॉइडचा (व्हॅसिसीन त्याच गटातलं) नारिंगी ठिपका उमटतो, म्हणजे अर्कात पानातलं द्रव्यच आहे. वाद तिथेच मिटतो. भावाची घासाघीस मग सुरू होते, ती वेगळी!

सध्या गुडमार हाती घेतलाय. त्याचं पान चघळून साखर खाल्ली तर ती मातीसारखी लागते. पण त्यातल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे साबणासारखा फेस येतो आणि पंप हवा ओढतो. तो फेस मोडला की गुडमारच्याही ऑर्डरी घेऊ.