आधी जा

उपासनेतलं दुसरं गीत सुरू होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल टोपणं आली.

रात्रपाळी संपवून मी परस्पर चर्चमध्ये पोचले होते. फोन बंद करायला पर्समधून काढला, तर वॉर्डच्या ग्रुपवर निरोप दिसला. अकरा नंबरच्या आजोबांची शुगर 38. घामानं थबथबलेले, बोलणं असंबद्ध. शिरेतून ग्लुकोज दिलं, आता शुद्धीवर आहेत. त्याखाली दुसरा निरोप होता: सकाळचं इन्सुलिन ज्या सिस्टरनं दिलं, तिनं मेट्रनना लगेच भेटावं.

इन्सुलिन दिलं होतं माझ्या हाताखालच्या ज्युनिअरनं. नोकरीला लागून तिला जेमतेम आठ महिने झाले होते. सकाळच्या पाळीतलं कोणी रजेवर होतं, म्हणून ती रात्र करून पुढं सकाळीही थांबली होती. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की पोरगी दमली असेल, हात चुकला असेल. मी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना करायला लागले. प्रार्थनेचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ती लाल टोपणं दिसली.

हे जरा उलगडून सांगायला हवं. इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदीच्या असतात. एकीत दर मिलिलिटरला 40 युनिट, दुसरीत 100. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या. 40च्या सिरिंजला लाल टोपण असतं, 100च्या सिरिंजला नारिंगी. 100ची कुपी घेतली आणि हातात 40ची सिरिंज आली, तर बाराच्या रेघेपर्यंत भरलेलं औषध बारा युनिट नसतं, तीस असतं. अडीच पट. पाहणाऱ्याला रेघ बरोबर दिसते, मात्रा मात्र चुकलेली असते. म्हणून इन्सुलिन कधी एकटीनं द्यायचं नसतं. एकीनं भरायचं, दुसरीनं कुपी, सिरिंज आणि रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि मगच सही करायची.

आमच्या ट्रेमधल्या सिरिंज मध्यरात्रीनंतर संपल्या होत्या. पेशंटची झोप मोडू नये म्हणून मी दिवा न लावता कपाटातून मूठभर काढून ट्रेमध्ये टाकल्या. वॉर्डात त्या आठवड्यात 100ची कुपी चालू होती, मला ते पक्कं माहीत होतं. सकाळी 7 वाजून 20 मिनिटांनी ज्युनिअर किडनी ट्रे घेऊन माझ्याजवळ आली. "सिस्टर, बघता का?" मी पुढच्या पाळीसाठी रिपोर्ट लिहीत होते. मान वर न करता म्हटलं, "घे, मी सही करते." आणि केली. ट्रेच्या कडेला पडलेलं लाल टोपण मला दिसलं होतं. नजरेला दिसलं होतं, मनानं घेतलं नव्हतं.

भोवती सगळे गात होते. माझ्या गीतांच्या पुस्तकात दानाचा लिफाफा खोचलेला होता.

बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं एक वचन मी मुलांच्या रविवारच्या वर्गात कितीदा तरी शिकवलं आहे. तू आपलं अर्पण वेदीजवळ आणलंस आणि तिथं तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मुलांना मी सांगायचे, भांडणं मिटवून मग प्रार्थनेला बसा. वचन खोटं नव्हतं, पण मी ते फार सोपं करून टाकलं होतं. येशू हे बोलला तेव्हा ऐकणारे गालीलात होते आणि वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मध्ये शंभरावर किलोमीटरची पायवाट, म्हणजे एका दिशेला तीन-चार दिवसांची चाल. इतक्या लांबून आणलेलं अर्पण वेदीपाशी ठेवायचं, उलट पावली गालीलात जायचं, समेट करायचा आणि पुन्हा यायचं. पहिल्या ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो सगळा रस्ता उभा राहिला असणार. शिवाय वचनात असं म्हटलेलं नाही, की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. दुखावलेला तो आहे, आणि चालायचं मला आहे.

माझ्या वाट्याला तर वीस मिनिटांचा रस्ता होता.

तरीही मी लगेच उठले नाही. आजोबा आता बरे आहेत, उपासना संपल्यावर जाता येईल, असं एक मन सांगत होतं. दुसरं त्याहून धार्मिक बोलत होतं: आधी देवासमोर कबूल कर, शांत हो, मग शांत मनानं जा. त्या दुसऱ्या मनाची मला आजही जास्त भीती वाटते. देवाला सांगून झालं की माणसाला सांगायचं राहिलं तरी हलकं वाटायला लागतं. पुढं सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला उभे राहिले. त्यातल्या क्षमेच्या ओळीत, 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस' या शब्दांपाशी माझा आवाज बंद झाला. आज ऋणी मीच होते. मी बाकांच्या मधून वाट काढत बाहेर आले. पुस्तक आणि त्यातला लिफाफा बाकावरच राहिला, हे रस्त्यात लक्षात आलं.

मेट्रनच्या खोलीत मी म्हटलं, "सकाळच्या इन्सुलिनबद्दल मलाही लिहून द्यायचं आहे."

त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला? तिनं लिहून दिलंय. सिरिंज बघितली नाही, चूक मान्य आहे म्हणून."

कागद पुढं ओढून मी लिहायला लागले. पहिलं वाक्य उतरलं ते असं: 'या घटनेस देखरेखीतील त्रुटीमुळे मीही काही अंशी जबाबदार आहे.' ते वाचलं आणि मला जक्कयाची आठवण झाली. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला तो मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो आपण पापी असल्याचं मोघम बोलून थांबत नाही. आकडा सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत. फसवून घेतलेलं आपणहून कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलेलं होतं. जक्कय चौपटीवर गेला. 'काही अंशी जबाबदार' असल्या शब्दांत त्यानं आपली गोष्ट गुंडाळली नाही.

मी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: ट्रेमध्ये सिरिंज मी भरल्या. दिवा न लावता भरल्या. 7 वाजून 20 मिनिटांनी सिस्टरनं मला तपासायला बोलावलं. मी न पाहता सही केली. त्या सहीचा अर्थ 'मी पाहिलं' असा होतो आणि तो खोटा आहे.

मेट्रननी दोनदा वाचलं. "हे असं फाइलला लागलं तर तुमचं इन्चार्जपद जाईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तिनं तर तुमचं नावही घेतलेलं नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. ट्रीटमेंट रूममध्ये गेले तेव्हा ती खाली बसून कपाटातल्या सिरिंज वेगळ्या करत होती. एका बाजूला लाल, एका बाजूला नारिंगी. मला पाहून ती उठली नाही.

"तू मला तपासायला बोलावलं होतंस, असं मी लिहून दिलंय," मी म्हटलं. "तुझी माफी मागायला आले आहे."

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "सिस्टर, मी तुम्हाला दाखवायला आले होते."

"हो."

"हे मी लिहिलं असतं, तर कोणी खरं मानलं असतं? तुम्ही बावीस वर्षं इथं आहात. तुम्ही प्रार्थनावाल्या. सगळे म्हणतात, सिस्टर कधी खोटं बोलत नाहीत."

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. इतकी वर्षं माझ्या वागण्यातून लोकांना ख्रिस्त दिसावा असं मी मागत आले. माझं हेच चांगलं नाव त्या सकाळी एका मुलीच्या तोंडावर हात होऊन बसलं होतं. ती म्हणाली, "दोन तास मी समजत होते की मी माणूस मारला." मग पुन्हा मोजायला लागली. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि उरलेल्या सिरिंज वेगळ्या करायला घेतल्या. तिनं मला जा म्हटलं नाही. माफ केलं, असंही म्हटलं नाही.

आजोबांकडे जायला पाय निघत नव्हते, याला आणखी एक कारण होतं. भरती झाले त्या आठवड्यात त्यांनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहून विचारलं होतं, "तुमचा येशू काय म्हणतो, या वयात पाय का कुजतात?" पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मी करत होते. मी उत्साहानं बोलत गेले. दुःख, विश्वास, बायबलमधला दुःख सोसणारा ईयोब, सगळं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हा मला कळलं, की जो माणूस खाटेवरून उठून जाऊ शकत नाही, त्याला उपदेश करणं हे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं आहे. त्यांनी प्रश्न विचारला होता हे खरं. पण ते उत्तर मागत नव्हते, त्यांना पाय दुखत असल्याचं सांगायचं होतं. त्यानंतर मी फक्त ड्रेसिंग केलं.

दुपारी ते उशाला टेकून बसले होते. ते इन्सुलिन सहा-आठ तास काम करत राहतं, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून तासातासाला बोटाला सुई टोचणं चालू होतं. डॉक्टरांनी त्यांना मात्रा जास्त गेल्याचं सांगितलं होतं. कोणाकडून, ते सांगितलं नव्हतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सिरिंज, दिवा, सही.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "त्या पोरीला सकाळी रडताना पाहिलं मी. तिची चूक नव्हती म्हणता?"

"तिची थोडी होती. माझी जास्त होती."

"आणि तुम्ही गप्प बसला असता तर?"

"कोणाला कळलं नसतं."

"मग कशाला आलात?"

आता त्यांना उत्तर हवं होतं. मी त्यांना वेदीची गोष्ट सांगितली, जेमतेम चार-पाच वाक्यांत. गालील, यरुशलेम, अर्पण तिथंच ठेवून उलट फिरलेला माणूस. त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी नाही आलात. त्यानं सांगितलं म्हणून आलात."

मला 'नाही हो' म्हणावंसं वाटलं. पण सकाळपासून एक खोटं पुसत होते, त्यावर दुसरं कुठं लिहू? म्हटलं, "निघाले ती त्यानं सांगितलं म्हणून. एरवी माझी हिंमत झाली नसती. इथं तुमचा हात थरथरताना पाहिला, तेव्हापासून तुमच्यासाठी उभी आहे."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी बोट पुढं केलं. "तास झाला. टोचा." शुगर 126 आली. आकडा मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि मीटरही त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. ते म्हणाले, "त्या माणसाचं अर्पण काय होतं?"

"लिहिलेलं नाही."

"कोकरू असेल तर एवढे दिवस सांभाळलं कोणी?"

हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आम्ही दोघांनी त्यावर थोडा विचार केला. घरी जायच्या आधी, त्यांच्याच सांगण्यावरून, मी तो उतारा त्यांना एकदा वाचून दाखवला. पुढं काही दिवसांनी त्यांना डिस्चार्ज मिळाला. ते विश्वास ठेवू लागले का, हे कोणी विचारलं तर मला माहीत नाही, आणि मी त्यांना विचारलंही नाही.

इन्चार्जपद गेलं. दोघींनाही मेमो मिळाला, पण तिच्या मेमोत 'वरिष्ठांना तपासणीसाठी बोलावले होते' एवढी ओळ वाढली. तिच्यासाठी ती ओळ फार मोठी होती. लाल टोपणाच्या सिरिंज वेगळ्या खणात गेल्या. तपासणाऱ्या नर्सनं कुपी, सिरिंज आणि मात्रा मोठ्यानं वाचायची असा नियम झाला.

ती मात्र माझ्याशी कामापुरतं बोलायची. एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, "तिला सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायचं वचन सांगा ना." मला ते पटलं नाही. येशूनं ते आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं होतं, आणि पेत्रानं विचारलं होतं, माझा अपराध करणाऱ्याला मी किती वेळा क्षमा करावी. अपराध करणाऱ्यानं ते वचन समोरच्याच्या हातात वसुलीच्या कागदासारखं कसं द्यायचं? मी वाट पाहिली. तिच्या वाट्याच्या रात्रपाळ्या जमतील तेव्हा मी घेतल्या. तिला कळू न देता घेता आल्या असत्या तर बरं झालं असतं, पण वॉर्डात काही लपून राहत नाही.

दोनेक महिन्यांनी, एका पहाटे, ती किडनी ट्रे घेऊन माझ्या टेबलापाशी आली. काही न बोलता उभी राहिली. मी पेन खाली ठेवलं, उठले, दिवा लावला.

"कुपी 100ची," मी वाचलं. "टोपण नारिंगी. सिरिंज 100ची. मात्रा चौदा."

तिनं सिरिंज उजेडात आणखी जवळ धरली. "रेघ बघा, सिस्टर. नीट."

मी वाकून पाहिली. चौदाच होती.

"आता करा सही," ती म्हणाली.