तंजावरात पायी फिरायचंय? मोजे न्या

तिरुचीहून सकाळची पॅसेंजर धरली आणि तासाभरात तंजावरला उतरलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी घेरलं, पण रिक्षाची गरज खरंच नाही. कालवा ओलांडून बृहदीश्वराचं देऊळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि तिथून राजवाडा जवळपास तितकाच. बहुतेक सहली इथे दोन-तीन तास थांबतात, देऊळ उरकतात आणि कुंभकोणमकडे पळतात. मी दोन दिवस राहिलो, तरी शेवटी धावपळ झालीच.

पहिली चूक माझीच. पोंगल आणि मेदूवड्यावर रेंगाळलो आणि देवळात पोचलो अकराला. चपला बाहेरच ठेवाव्या लागतात. महिना डिसेंबरचा, पण फरसबंदी तापून तव्यासारखी झालेली. नंदीपासून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर मी सावलीच्या तुकड्यातुकड्यांवर उड्या मारत पार केलं. शेजारून एक आजीबाई जाड मोजे घालून निवांत चालत गेल्या. तेव्हा मोजे न्या, किंवा सकाळी सहा-साडेसहालाच जा. साडेबारा ते चार देऊळ बंद असतं, हेही धरून चला.

पाय भाजलेले असल्यामुळे चार वाजता पुन्हा गेलो, आणि तेच बरं झालं. देऊळ राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलं. शिखर साठ मीटरहून उंच आणि उतरत्या उन्हात दगड मधासारखा दिसतो. या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, असं इथे हमखास सांगतात. पडते हो! मी साडेचारला त्याच सावलीत तळवे गार करत बसलो होतो.

आता आपल्या माणसांसाठी खास. आवाराच्या नैऋत्येला गणपतीचं छोटं देऊळ आहे. त्याच्यामागच्या भिंतीकडे बहुतेक जण फिरकत नाहीत. तिथे ओळीमागून ओळी मराठीत कोरलेल्या आहेत: भोसले वंशाचं चरित्र. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या काळात, 1803 मध्ये, त्यांच्या पदरी असलेल्या बाबुरायांनी ते रचलं. लिपी देवनागरी, तरी पहिल्या दोन ओळी माझ्या डोक्यावरून गेल्या. मग एकदम ‘राजे’ सापडलं, आणि तिथून धागा धरत पुढे सरकलो. तमिळ कोरीव लेखांनी भरलेल्या देवळात ‘राजे’ वाचून अंगावर काटा आला म्हणालो तर अतिशयोक्ती होईल, पण हसू मात्र फुटलं. उन्हाच्या तिरक्या किरणांत अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात, म्हणूनही संध्याकाळच बरी.

व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, 1675च्या सुमारास इथे आले. त्यांच्या वंशाचं राज्य 1855 पर्यंत टिकलं. त्या काळात आलेल्या घरांपैकी काही अजून घरात मराठी बोलतात. कॉफीच्या दुकानात असेच एक काका भेटले. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीत विचारलं, कुठले? शब्द आपले, हेल पूर्ण तमिळ. दोन मिनिटं मला ते तमिळच बोलताहेत असं वाटत होतं. डांगराचा विषय निघाला तेव्हा मात्र गाडी रुळावर आली. त्यांच्याकडे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवतात आणि नाव अजून डांगरच.

कॉफी पितळी डवऱ्यात-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात येते, आणि फार गोड. ‘सक्कर कम्मी’ म्हणायचं, साखर कमी मिळते. तो ‘कम्मी’ म्हणजे आपला ‘कमी’च. दुपारी एखाद्या मेसमध्ये केळीच्या पानावरचं ‘साप्पाडु’ म्हणजे जेवण घ्या. भातावर आधी सांबार, मग रसम, शेवटी ताक, हा क्रम मोडला तर वाढपी बिचारा गोंधळतो. सांबाराला संभाजीराजांचं नाव जोडणारी गोष्ट तुम्हाला दहा जण सांगतील. गोष्ट म्हणून ऐका, पुरावा मागू नका.

दुसरा दिवस राजवाड्याचा. मूळ नायक राजांचा, पुढे मराठ्यांनी वाढवलेला. कुठे पोपडे, कुठे पारवे, आणि मधेच मराठा दरबारचे भडक रंगवलेले खांब. तिकिटं वेगवेगळ्या खिडक्यांवर वेगवेगळी फाडावी लागतात, सुटे पैसे ठेवा. सरस्वती महाल ग्रंथालयात सगळ्यांना फक्त संग्रहालयाचा भाग पाहता येतो. मोडी आणि मराठी हस्तलिखितं प्रत्यक्ष चाळायची असतील तर रीतसर परवानगी लागते, ती आधीच काढा. मी काढली नव्हती. काचेबाहेरून नाक लावून परतलो.

वेळ कमी असेल तर तो ग्रंथालयापेक्षा राजवाड्यातल्याच कलादालनाला द्या, हे माझं स्पष्ट मत. तिथे तिरुवेंकाडूचा 1011 चा ब्राँझचा शिव आहे. एक पाय दुसऱ्यावर तिरका, डोक्यावर केसांचंच सापांनी बांधलेलं पागोटं, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकवलेला. नंदीच नाही. तरी हात इतका निर्धास्त टेकलाय की आपण रिकाम्या जागेकडे नंदी शोधत राहतो. मी अर्धा तास तिथेच होतो. रखवालदाराने दोनदा येऊन पाहिलं.

राजवाड्याच्या आसपास तंजावर चित्रांची दुकानं आहेत. अस्सल चित्रात सोन्याचा वर्ख असतो, त्यामुळे फार स्वस्त दिसलं तर समजून जा. मी मान डोलावणारी बाहुली घेतली. तिचे भाग सुटे असतात, ते वेगवेगळे गुंडाळून घ्या. मी तशीच बॅगेत कोंबली.

हातात अर्धा दिवस उरला तर बसने तिरुवैयारूला जा. तेरा-चौदा किलोमीटर, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी, आणि मुगाच्या डाळीचा अशोका हलवा. जानेवारीत त्यांच्या आराधनेच्या, म्हणजे संगीतोत्सवाच्या दिवसांत मात्र राहायची सोय आधी बघा. हलवा तुपाने निथळतो, पिशवी दुहेरी घ्या.