गॅसची गोळी आणि पिवळं जेल

आमच्या इंदूरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीला एकच नाव: 'गैस'. गल्लीतला मेडिकलवाला "भाभीजी, गैस है" म्हणत पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळीची, पट्टी पुढे करायचा आणि मी तीन वर्षं ती अधूनमधून घेत राहिले. सासूबाईंच्या मते पित्त, म्हणून आमसुलाचं सार. ह्यांच्या मते सगळा दोष सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गराडू नावाच्या कंदाचा. थोडं तथ्य होतं त्यात. तळलेले गराडू, वर सढळ हाताने जीरावन मसाला, आणि वेळ रात्री अकराची.

पण सराफ्यात पाऊल न टाकताही दुखायचं. रिकाम्या पोटी, बरगड्यांच्या मधोमध, निखारा ठेवल्यासारखं. चार घास खाल्ले की पोट तट्ट. रविवारच्या पोह्यांतले नुसते डाळिंबाचे दाणे वेचून मी बशी सरकवली, त्या दिवशी मुलीने हात धरून पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"कोई दवाई चल रही है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. खरंच नाही असंच वाटलं. गॅसच्या गोळीला औषध कोण म्हणतं?

एंडोस्कोपीची भीती होती तेवढा त्रास झाला नाही. घशात कडू फवारा, दातांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा, डाव्या कुशीवर पाच-सात मिनिटं उमासे. आतून काढलेला कणभर तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठरातल्या आम्लात तगायला युरियापासून अमोनिया बनवतो. तो असला की जेल गुलाबी होतं. माझं पिवळंच राहिलं. मी खूश.

आठवड्याने बायॉप्सीचा अहवाल आला: क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस. जठराच्या अस्तराला जुनाट सूज, जंतू मात्र दिसले नाहीत. डॉक्टरांनी कागदावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी पँटोप्राझोलचं नाव घेतलं. "तो वो क्या प्रसाद था?"

मग समजावलं. या गोळीने जंतू मरत नाही, दबून बसतो, आणि तपासणी खोटीच 'निगेटिव्ह' येते. गोळी दोन आठवडे पूर्ण बंद, मग शौचाची अँटिजेन तपासणी, म्हणजे त्यात जंतूचे अंश शोधणं. ते दोन आठवडे एंडोस्कोपीपेक्षा वाईट गेले. फार जळजळलं तर पातळ अँटासिडची मुभा होती, तेवढ्यावर रात्री काढल्या. शेवटी नमुन्याची ती डबी पर्समध्ये जपून, राजवाड्याच्या गर्दीतून ॲक्टिव्हावर मागे बसून लॅबमध्ये पोचवली. वाटेत शेजारच्या काकू भेटल्या आणि "काय आणलंस?" म्हणाल्या. असो.

पॉझिटिव्ह.

चौदा दिवसांचा कोर्स: बिस्मथ, टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडाझोल ही दोन प्रतिजैविकं, आणि पुन्हा तीच आम्ल कमी करणारी गोळी, आता रीतसर. टेट्रासायक्लिन दुधासोबत चालत नाही, म्हणून चहाची वेळ बदलली. घरात यावरच जास्त चर्चा झाली. तोंडाला सतत तांब्याच्या भांड्यातलं ताक प्यायल्यासारखी चव. चौथ्या दिवशी शौचाला काळं झालं आणि मी घाबरून फोन केला. बिस्मथमुळे होतं, जीभही काळी पडू शकते, असं कळलं. आधी सांगितलं असतं तर एक रात्र झोप लागली असती. नवव्या दिवशी मळमळीने सगळं सोडून द्यावंसं वाटलं. अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू औषधांना निर्ढावतात, असं मुलीने दरडावलं.

त्याच सुमारास बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांबद्दल वाचलं. 1984 मध्ये त्यांनी हा जंतू मुद्दाम पिऊन स्वतःला जठराची सूज आणली, आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळवलं. मी हा जंतू फुकटात मिळवला होता, बहुधा लहानपणीच. पुष्कळदा तो तेव्हाच घरातल्या घरात लागतो म्हणे.

कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून पुन्हा तपासणी, त्याआधी पुन्हा दोन आठवडे गोळी बंद. पुन्हा डबी, या वेळी काकूंचा रस्ता टाळून. निगेटिव्ह, आणि खरीखुरी. अस्तराची सूज उतरायला मात्र काही महिने लागतील म्हणाले. पोहे आता बशीभर जातात, जीरावन चिमूटभर.

ह्यांनाही हल्ली सकाळी जळजळतं. पुढच्या महिन्यात तपासणी ठरली आहे. घरातली पँटोप्राझोलची पट्टी मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.