ओट्याची कड

स्वयंपाकघराला जुना थाट द्यायचा म्हटलं की पहिली धाव फ्रिजकडे. गोल खांद्यांचा, फुगीर दाराचा, पुदिन्याच्या रंगाचा. तो येऊन उभा राहतो आणि शेजारचा काळाभोर ओटा, छतातले पांढरेफटक दिवे त्याच्याकडे चुकून आलेल्या पाहुण्यासारखे बघत बसतात. थाटाची सुरुवात खरं तर कडा, मुठी आणि उजेडापासून व्हायला हवी.

त्याआधी दशक ठरवावं. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या घरवसाहतींसाठी आखलेलं १९२६ चं ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघर’ जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं, निळसर-हिरव्या कपाटांचं. त्यात पन्नाशीतलं क्रोम शोभणार नाही. १९५० च्या दशकाचे रंग फिकट पिवळा, पुदिना, गुलाबी. सत्तरीचे मोहरी, शेवाळी, तपकिरी. सगळेच आवडले म्हणून सगळे आणले, तर होतो तो भंगारबाजार.

पन्नाशी निवडली तर ओट्याची कड हाच तिचा दाखला. फळीवर लॅमिनेट चिकटवलेला ओटा आणि त्याच्या दर्शनी कडेला खाचांची अॅल्युमिनियमची पट्टी. पट्टीची उंची फळी अधिक लॅमिनेट अशी मोजून घ्यावी, नुसत्या फळीची नव्हे. कोपऱ्यावर ती काटकोनात वाकवली की चुरगळते. म्हणून एक तर कोपरा गोल करावा, नाहीतर पट्टी ४५ अंशांत कापून जोडावी. वरच्या फटीत सिलिकॉन भरायला विसरलं की पाणी आत शिरतं, भुशाची फळी फुगते, आणि एकदा फुगली की पुन्हा बसत नाही.

कपाटं बदलायची गरज नसते, रंगवली तरी पुरे. दारं काढून, प्रत्येकावर मागून नंबर घालून (हे टाळणारे शेवटी बिजागऱ्यांशी भांडतात) आधी तेलकटपणा पूर्ण धुवावा. मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी घालवावी, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावावा आणि वर फोमच्या रोलरने रंगाचे दोन पातळ हात. रंग सोलून निघतो तो बहुतेक वेळा धुण्यातल्या आळसामुळे; प्रायमर बिचारा फुकट बदनाम होतो. दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर दार घट्ट लावून ठेवलं तर ते चौकटीला चिकटतं.

मुठींत एक बारीक फसगत आहे. आजच्या हँडलांच्या स्क्रूंमधलं अंतर बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर, जुन्या धाटणीच्या हँडलांचं ३ इंच, म्हणजे ७६. जुनी भोकं रंग देण्याआधीच लांबी (पुट्टी) भरून, घासून बंद करावी लागतात. म्हणजे हँडल आधी निवडावं, रंग नंतर.

काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीची मांडणी भिंतीपासून सुरू करू नये. भिंती काटकोनात असल्याचा दावा फक्त नकाशा करतो. खोलीच्या मध्यावर खडूच्या दोन रेषा मारून तुकडे कोरडेच मांडून पाहावेत. कडेला अर्ध्यापेक्षा लहान तुकडा येत असेल तर रेषा अर्धी फरशी सरकवावी. तिरकी मांडणी असेल तर १५ टक्के माल जादा धरावा. जुन्या घरात ९ इंची जुन्या टाइल्स निघाल्या तर मात्र फोडू-घासू नयेत. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासून घ्यावं.

उजेड २७०० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर. ६५०० च्या पांढऱ्याफटक दिव्याखाली पुदिना दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसतो आणि मग दोष रंगाला दिला जातो. दिव्याचा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर असला तर रंग डब्यावर दिसला तसा भिंतीवरही दिसतो.

आता फ्रिज. दार फुगीर असल्यामुळे त्याची खोली नेहमीपेक्षा जास्त भरते, हँडल वेगळंच. भिंतीलगत ठेवून दार ९० अंशांच्या पुढे उघडलं नाही, तर आतला भाजीचा खण बाहेर निघत नाही. मापपट्टी सोबत न्यावी.